केंद्रीय कर्मचारी संघटनेला मान्यता: पात्रता, कागदपत्रं आणि फंडाची अट

पोस्ट, आयकर, लेखा अशा केंद्र सरकारच्या खात्यांत संघटना कुणीही काढू शकतं. पण प्रशासनाने बोलणीला बोलवायचं तर मान्यता हवी. ती ‘केंद्रीय नागरी सेवा (सेवा संघटनांना मान्यता) नियम, 1993’ प्रमाणे मिळते. रेल्वेचे औद्योगिक कर्मचारी आणि संरक्षण आस्थापनांतले कामगार यांचे नियम वेगळे आहेत. राज्य कर्मचाऱ्यांनाही हे नियम लागू नाहीत.

खरी कसोटी सभासदसंख्येची. संघटना ज्या प्रवर्गाची, म्हणजे ज्या प्रकारच्या पदांवरच्या कर्मचाऱ्यांची आहे, त्यातले किमान 35 टक्के कर्मचारी तुमचे सभासद हवेत. 35 टक्क्यांवर एकच संघटना असेल, तर दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला 15 टक्क्यांवरही मान्यता मिळू शकते. ही मोजणी पावतीपुस्तकावरून होत नाही. पगारातून वर्गणी कापून घ्यायला ज्यांनी लेखी संमती दिली, तेच हिशेबात धरले जातात. त्यामुळे ‘सगळे आपलेच आहेत’ या भरवशावर राहू नका, संमतीपत्रं भरून घ्या.

अर्जासोबत उद्देशपत्रिका, घटना, उपनियम, पदाधिकाऱ्यांची नावं आणि एकूण सभासदसंख्या द्यावी लागते. घटना एकदा बारकाईने वाचा. सभासद आणि पदाधिकारी सेवेतलेच हवेत, म्हणजे निवृत्त झालेल्या जुन्या नेत्याला अध्यक्षपदी ठेवायची हौस इथे चालत नाही. जात, जमात किंवा धर्माच्या पायावर उभी राहिलेली संघटना बाद होते. मान्यतेनंतर दरवर्षी 1 जुलैपूर्वी सभासदांची यादी आणि लेखापरीक्षित हिशेब वरिष्ठांमार्फत पोचवायचा. घटनेत बदल करायचा तर आधी परवानगी.

आता पैशाचं. 1926 च्या कामगार संघटना कायद्याने नोंदणीकृत संघटनांना वेगळा, ऐच्छिक राजकीय निधी ठेवायची मुभा दिली होती. 1993 च्या नियमांत तो दरवाजा बंद आहे: राजकीय निधी ठेवायचा नाही, कुठल्या पक्षाच्या मतांचा प्रचार करायचा नाही, आणि वर्गणी संघटनेच्या उद्देशांवरच खर्च करायची. एप्रिल 2023 मध्ये टपाल खात्याने अखिल भारतीय टपाल कर्मचारी संघटना (गट ‘क’) आणि तिच्या महासंघाची मान्यता काढली, ती याच मुद्द्यावर. आक्षेप घेतलेल्या रकमांत शेतकरी आंदोलनासाठीचे 30,000 रुपये होते, तसे पुस्तक खरेदीचे 4,935 रुपयेही होते. एवढ्याशा रकमेवरून एवढी मोठी शिक्षा मला तरी अतिरेकी वाटते, पण खजिनदाराने हे आकडे विसरू नयेत. ‘मग मी माझ्या खिशातून देतो’ हीही पळवाट नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांतला नियम 5 राजकीय चळवळीला वैयक्तिक वर्गणी द्यायलाही मनाई करतो.

मान्यतेमुळे मिळतं काय? 1966 पासूनच्या संयुक्त सल्लागार यंत्रणेचा, म्हणजे जेसीएमचा, रस्ता. कार्यालय, खातं आणि राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर तिथे चर्चा होते. एकमत झालं नाही तर लवादाकडे जाता येतं, पण फक्त पगार-भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या तीन विषयांवर. एखाद्याची बदली किंवा बढती घेऊन मात्र जेसीएममध्ये जाऊ नका, वैयक्तिक प्रकरणं तिथे घेत नाहीत.