राऊटरवरचं कस्टम फर्मवेअर

घरातल्या वाय-फाय राऊटरमध्ये कंपनीने भरून दिलेलं सॉफ्टवेअर काढायचं आणि त्याजागी ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटी, फ्रेशटोमॅटो असलं दुसरं काही टाकायचं, याला कस्टम फर्मवेअर टाकणं म्हणतात, बोलताना आपण सरळ राऊटर फ्लॅश मारला म्हणतो. मोबाईल फ्लॅश मारून देणारे जळगावच्या गोलाणी मार्केटपासून तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत कुठेही सापडतात, राऊटरचं काम करणारा मात्र शोधत फिरावं लागतं, म्हणून हे काम बहुतेक वेळा ज्याचं त्यालाच करावं लागतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. फर्मवेअर बदललं की रेंज वाढते असं बऱ्याच जणांना वाटतं, तर तसं काही होत नाही. अँटेना तोच, रेडिओ तोच, आणि सिग्नलच्या ताकदीला सरकारी मर्यादाही तीच. सेटिंगमध्ये दुसऱ्या देशाचा कोड टाकून पॉवर वाढवायचा सल्ला जागोजागी मिळतो, तो नियमाबाहेरचा आहे, आपल्याकडे कंट्री कोड आयएन हाच ठेवायचा. जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या जाडजूड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पलीकडच्या खोलीत पोचत नसेल तर तो फर्मवेअरनेही पोचणार नाही, तिथे लॅन केबल ओढून दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट वाय-फायने पुढे देणारा डबा म्हणून लावणं हाच उपाय, आणि घरात पडलेला जुना राऊटर फ्लॅश मारून त्या कामाला लावता येतो हा खरा फायदा. दुसरा फायदा सुरक्षेचा. स्वस्त राऊटरला कंपनी थोडे दिवस अपडेट देते आणि मग विसरून जाते, भोकं तशीच राहतात. २०१८ साली व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर निघाला तेव्हा सिस्कोच्या टॅलोस टीमच्या अंदाजाने ५४ देशांत मिळून निदान ५ लाख उपकरणं बाधित होती, त्यात लिंकसिस, नेटगिअर, टीपी-लिंक अशी घरगुती नावंही होती.

हा सगळा प्रकार सुरू झाला लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या डब्यापासून. २००२ च्या शेवटी तो बाजारात आला, आत लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम चालते हे लोकांनी ओळखलं, लिनक्सचं लायसन्स जीपीएल, म्हणजे ते वापरून वस्तू विकणाऱ्याने मागितल्यावर सोर्स कोडही द्यायचा अशी अट, म्हणून सोर्स कोड द्या अशी मागणी झाली आणि २००३ मध्ये कंपनीला तो द्यावा लागला. त्यावरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, नावातलं डब्ल्यूआरटी त्या मॉडेलचंच. डीडी-डब्ल्यूआरटीमधलं डीडी हे जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरचं, म्हणजे आपल्याकडे कुणी जळगावच्या गाड्यांवरून एमएच १९ नावाचं फर्मवेअर काढावं तसं. पुढे कंपनीने त्याच मॉडेलच्या पाचव्या व्हर्जनमध्ये लिनक्स काढून टाकलं, मेमरी निम्मी केली, मग ओरड झाल्यावर लिनक्सवाला डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा काढला. मधल्या काळात ओपनडब्ल्यूआरटीमध्येही फूट पडली, २०१६ मध्ये काही जण लीड नावाने वेगळे झाले आणि २०१८ च्या सुरुवातीला परत एकत्र आले.

आज निवड करायची तर फार घोळ नाही. आसूसचा राऊटर असेल आणि यादीत मॉडेल असेल तर आसूसडब्ल्यूआरटी-मर्लिन, ते कंपनीच्याच फर्मवेअरवर केलेली सुधारणा आहे, सगळ्यात कमी डोकेदुखी. ब्रॉडकॉमची चिप असेल तर फ्रेशटोमॅटो किंवा डीडी-डब्ल्यूआरटी बघायचं, कारण ब्रॉडकॉमच्या वाय-फायला ओपनडब्ल्यूआरटीमध्ये नीट ड्रायव्हर नाहीत. बाकी मीडियाटेक आणि क्वालकॉम अथेरॉसच्या चिपवर ओपनडब्ल्यूआरटीच टाकावं, अपडेट नियमित येतात आणि कागदपत्रं चांगली आहेत.

पण खरी निवड फर्मवेअरची नसतेच, ती राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असते. मॉडेलचं नाव तेच ठेवून कंपन्या आतली चिप आणि मेमरी बदलत राहतात, फरक फक्त स्टिकरवरच्या बारीक अक्षरातल्या व्हर्जनमध्ये. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन आपल्याकडे घराघरात होता, त्याच्या १३व्या व्हर्जनमध्ये ८ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि ६४ एमबी रॅम आणि १४व्या व्हर्जनमध्ये परत ४ आणि ३२, म्हणजे नवीन व्हर्जन जास्त दरिद्री. ओपनडब्ल्यूआरटीने १९.०७ नंतर ४/३२ वाल्यांना सोडून दिलं, ८/६४ म्हणजे कसंबसं, १६/१२८ असेल तर सुखाने चालतं. तसंच आर्चर सी६, दुसऱ्या व्हर्जनमध्ये क्वालकॉम आणि तिसऱ्यात मीडियाटेक, एकाची फाईल दुसऱ्यावर चालणार नाही. त्यामुळे धुळ्याच्या आग्रा रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, आधी ओपनडब्ल्यूआरटीच्या साईटवर हार्डवेअरच्या तक्त्यात मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही बघायचं, दुकानात खोका हातात घेऊन स्टिकर वाचायचा, दुकानदार वैतागला तरी चालेल.

आणखी एक, फायबर लावताना केबलवाला जो डबा भिंतीवर ठोकून जातो तो ओएनटी, म्हणजे फायबरचा मोडेम, तो बहुतेक वेळा कंपनीचा असतो आणि तिकडच्या ओएलटीवर, म्हणजे कंपनीकडच्या मशीनवर, त्याचा सिरियल नंबर नोंदवलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. आपला राऊटर त्याच्या मागे जोडायचा आणि जमलं तर ओएनटी ब्रिज मोडवर टाकून घ्यायचा, म्हणजे तो नुसतं नेट पुढे देतो, मग पीपीपीओईचा, म्हणजे नेटच्या लॉगिनचा युजरनेम-पासवर्ड आपल्या राऊटरमध्ये जातो. ब्रिज होत नसेल तरी चालतं, पण मग एक गोची होते, बरेच ओएनटी १९२.१६८.१.१ हा पत्ता वापरतात आणि ओपनडब्ल्यूआरटीचाही तोच, दोन्ही भिडतात आणि "नेट चालस नही भो" म्हणत माणूस फर्मवेअरला शिव्या देत बसतो. आपल्या राऊटरचा लॅनचा पत्ता १९२.१६८.२.१ असा काही केला की मिटलं.

फ्लॅश मारायचं काम तसं थोडक्यात आहे. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना फॅक्टरी नावाची फाईल लागते, सिसअपग्रेड नावाची फाईल नंतरच्या अपडेटसाठी, ही अदलाबदल करू नये. डाउनलोड झाल्यावर फाईल खराब नाही ना हे कळण्यासाठी एसएचए२५६ चा आकडा साईटवरच्या आकड्याशी जुळवून बघायचा. वाय-फायवरून कधीच नाही, लॅनची वायर लावूनच, आणि राऊटरच्याच फर्मवेअर अपग्रेडच्या पानावरून फाईल चढवायची. काही मॉडेलांत हे पान दुसरी फाईल घेतच नाही, शाओमीच्या ४ए आणि ४सी मध्ये आधी कंपनीच्या फर्मवेअरमधलीच एक फट वापरून टेलनेट, म्हणजे कमांड द्यायचा रस्ता उघडावा लागतो, नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. सगळ्यात मोठा धोका लाईटीचा, मे महिन्यात दुपारी लोडशेडिंगच्या टायमाला हे काम काढलं आणि फाईल लिहिताना लाईट गेली तर राऊटर अडकणार, म्हणून इन्व्हर्टरवर नाहीतर राऊटरच्या छोट्या डीसी यूपीएसवर लावून मगच सुरू करायचं, यूपीएस घेताना राऊटर ९ व्होल्टचा आहे की १२ चा तेही बघायचं. ओपनडब्ल्यूआरटी चालू झाल्यावर ब्राउझरमध्ये लुसी नावाचं सेटिंगचं पान येतं, युजर रूट आणि पासवर्ड रिकामा, तो लगेच टाकायचा. वाय-फाय मुद्दाम बंद असतं, त्यामुळे नेटवर्क दिसत नाही म्हणून घाबरायचं नाही, आपण चालू करायचं. लुसीचं मराठी भाषांतराचं पॅकेजही आहे, पण शब्द अडला तर उत्तरं इंग्रजी नावानेच सापडतात, त्यामुळे इंग्रजी ठेवलेलं सोपं.

एवढं करून मिळतं काय, तर सगळ्यात जास्त फरक एसक्यूएमने, म्हणजे नेटची रांग सांभाळणाऱ्या पॅकेजने पडतो. घरात एकाने व्हिडिओ अपलोड लावला की दुसऱ्याचा ऑनलाइन क्लास अडखळतो, कारण मोडेममध्ये पॅकेटांची रांग लागते, याला बफरब्लोट म्हणतात. एसक्यूएममध्ये केक नावाची पद्धत निवडून लाइनच्या खऱ्या स्पीडच्या ८५ ते ९५ टक्के आकडा टाकला की रांग आपल्या राऊटरमध्ये येते आणि तो ती सगळ्यांना सारखी वाटून देतो. थोडा स्पीड जातो पण कॉल तुटत नाही. मात्र याला प्रोसेसर लागतो, जुना एककोरी राऊटर मोठ्या प्लॅनवर धापा टाकतो.

शेतात कॅमेरे लावणाऱ्यांना एमवॅन३ हे पॅकेज कामाचं, रस्ता खोदताना फायबर तुटलं की राऊटर आपोआप यूएसबीच्या ४जी डोंगलवर जातो, अर्थात राऊटरला यूएसबी पोर्ट हवा. घरापासून मळ्यात नेट न्यायचं तर टीपी-लिंकचे सीपीई२१०, सीपीई५१० असे बाहेर लावायचे डबेही ओपनडब्ल्यूआरटीवर चालतात, पण रावेर-यावलकडे मध्ये केळीची बाग असली तर ओल्या पानांचा पडदा सिग्नल खाऊन टाकतो, पाईप उभारून डबा पानांच्या वर न्यावाच लागतो. आणि तिकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याखाली ठेवलेला कोणताही राऊटर रिस्टार्ट होत राहतो, त्याला फर्मवेअर काही करू शकत नाही.

राऊटर अडकलाच तर लगेच भंगारात देऊ नये. राऊटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, वेगळ्या जागी असतो, तो शाबूत असला तर बहुतेक वेळा परत येतो. ओपनडब्ल्यूआरटी सुरू होतंय पण सेटिंग बिघडलंय असं असेल तर चालू होताना लाईट चमकत असताना बटण दाबून फेलसेफमध्ये, म्हणजे सेटिंग न वापरता सुरू होणाऱ्या मोडमध्ये जायचं आणि सगळी सेटिंग पुसणारी फर्स्टबूट कमांड द्यायची. काहीच सुरू होत नसेल तर टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत रिसेट दाबून धरून पॉवर द्यायची, तो १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर टीएफटीपी सर्व्हर, म्हणजे फाईल देणारा प्रोग्राम शोधतो, म्हणून तो प्रोग्राम लॅपटॉपवर चालू करून लॅपटॉपला तो पत्ता द्यायचा, फाईलचं नाव त्या मॉडेलला लागतं तसंच अक्षर न अक्षर ठेवायचं, आणि विंडोजचा फायरवॉल बंद करायचा, बऱ्याचदा अडतं तिथेच. तेही जमलं नाही तर डबा उघडून आतल्या बोर्डवरच्या सिरियल पिनांवरून कॉम्प्युटरने थेट बूटलोडरशी बोलायचं, त्यासाठी ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल ॲडाप्टर लागतो, ५ व्होल्टचा लावला तर चिप जळू शकते. पिना नसतील तर मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडून सोल्डर करून घ्याव्यात, ग्राउंड, टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) एवढंच जोडायचं, व्हीसीसी ही पॉवरची पिन सोडून द्यायची, आणि कॉम्प्युटरवरच्या पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये स्पीड बहुतेक राऊटरना ११५२०० चालतो.