माळ्यावरून उतरलेला व्हॉल्व्हचा रेडिओ

ठाण्यातल्या जुन्या चाळी पुनर्विकासाला गेल्या की सामान हलवताना माळ्यावरचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा, रेडिओ खाली येतो. कित्येकदा तो मर्फी कंपनीचा असतो. मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता. धूळ पुसून झाली की हात आपसूक प्लगकडे जातो. तेवढा मोह आवरा.

व्हॉल्व्ह काचेचे, म्हणजे तेच गेले असणार, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात चाळीस-पन्नास वर्षं पडून असलेल्या सेटमध्ये व्हॉल्व्ह बरेचदा ठणठणीत निघतात. हा गैरसमज तसा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या टपाल खात्यातले अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी जर्मन गुप्तसंदेश फोडायला दीड हजारांहून अधिक व्हॉल्व्हचं यंत्र सुचवलं, तेव्हा इतके व्हॉल्व्ह एकत्र टिकणार नाहीत असंच त्यांना ऐकवलं गेलं. पण टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून त्यांना ठाऊक होतं की व्हॉल्व्हला मारतं ते बंद-चालू करणं. व्हॉल्व्हच्या आत हीटर, म्हणजे तापणारी तार, असते; थंड हीटरचा रोध (विजेला होणारा अडथळा) तापलेल्या हीटरपेक्षा कितीतरी कमी असतो, त्यामुळे बटण दाबताक्षणी प्रवाहाचा लोंढा येतो. १९४४ मध्ये कामाला लागलेलं त्यांचं ‘कोलोसस’ म्हणूनच चालू ठेवलं जाई. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा १९६० मधला ‘टिफ्रॅक’ संगणकही सुमारे २,७०० व्हॉल्व्हवर चालला.

रेडिओत दगा देतात ते कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. खाडीकाठच्या दमट हवेत मेणकागदाचे कपॅसिटर ओल धरतात आणि त्यांतून वीज झिरपू लागते. सर्वांत घातक असतो तो शेवटच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या, व्हॉल्व्हच्या ग्रिडला (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीला) जोडलेला ०.०१ मायक्रोफॅरडचा. समजा, व्हॉल्व्ह ईएल८४ आहे. त्याच्या ग्रिडवर ० व्होल्ट हवेत आणि कॅथोडवर (हीटरने तापणाऱ्या भागावर) साधारण ७. कपॅसिटरच्या अलीकडे १०० व्होल्ट, त्याचा रोध घसरून १० मेगओम झालेला आणि ग्रिडचा रोधक १ मेगओमचा असेल, तर ग्रिडवर ९ व्होल्ट चढतात. मग व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह ओढतो, आतला पत्रा लालबुंद होतो आणि व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो पुन्हा मिळवणं महाकठीण. म्हणून हा कपॅसिटर तपासत बसू नका, सरळ बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर किरकोळ किमतीत मिळतो.

पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदला, पण त्यांचे मायक्रोफॅरड वाढवू नका. ‘जास्त घातला की गुणगुण कमी होईल’ हा हिशेब महागात पडतो: ईझेड८० या रेक्टिफायरला (एसीची डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला) पहिला कपॅसिटर जास्तीत जास्त ५० मायक्रोफॅरडचा चालतो. ५० च्या जागी ४७ चालेल, २२० नाही.

सेट उघडण्याआधी एक पाहा. व्हॉल्व्हची नावं यू अक्षराने सुरू होत असतील, तर बहुधा आत मेन ट्रान्सफॉर्मर नाही आणि चॅसिसच, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनला (घरच्या विजेला) जोडलेली आहे. असा सेट जाणकाराकडेच द्या. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्येही प्लग काढल्यावर कपॅसिटरमध्ये २५०-३०० व्होल्ट उरू शकतात. ते १० किलोओम, ५ वॅटच्या रोधकातून उतरवा आणि मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री करा. मागचा व्होल्टेजचा खटका २२० वर असेल तर २४० वर न्या.

आता सिरीज बोर्ड, म्हणजे रेडिओकडे जाणारी वीज आधी एका बल्बमधून नेणारी जोडणी. फेजच्या वायरमध्ये ६० वॅटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब घाला, एलईडी चालणार नाही. बटण दाबताच बल्ब लख्ख पेटून लगेच मंदावला, तर ठीक. तसाच लख्ख राहिला, तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. थंड हीटरचा लोंढाही हाच बल्ब अडवतो. बल्ब मंद राहिला की तो काढून सेट थेट मेनवर घ्या आणि ईएल८४ च्या ग्रिडवर ० व कॅथोडवर ७ व्होल्ट दिसतात का ते पाहा. दिसले, तर पाठीमागे तीन-चार मीटर वायर एरिअल म्हणून सोडा आणि मीडियम वेव्हवर काटा फिरवा. खरखर झाली तर बँड स्विचचे काळवंडलेले संपर्क कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. सँडपेपर लावू नका, वरचा चांदीचा मुलामा निघून जातो.