वेलांटी, कंस आणि उजवीकडचा मेन्यू

'कि' टाइप करताना आपण आधी 'क' दाबतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र ती वेलांटी टुणकन 'क'च्या डावीकडे जाऊन बसते. संगणक अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतो; कोण कुठे दिसणार, हे चित्र काढताना ठरतं.

उर्दू, अरबी, हिब्रूचंही तसंच. वाक्यातलं पहिलं अक्षर स्मृतीतही पहिलंच असतं, फक्त ते उजव्या टोकाला उमटतं. इथवर सोपं आहे. गंमत सुरू होते आकड्यांपासून, कारण अरबी मजकुरातही १९४७ ही संख्या डावीकडून उजवीकडेच लिहितात. म्हणजे एकाच ओळीत नजर उलटसुलट फिरते. हा तिढा सोडवायला युनिकोडने, म्हणजे जगभरच्या लिप्यांना संगणकात सांकेतिक क्रमांक देणाऱ्या प्रमाणाने, प्रत्येक चिन्हाला स्वभाव दिला आहे. अक्षरांची दिशा पक्की, आकड्यांची जरा लवचीक. कंस, शब्दांमधली मोकळी जागा, उद्गारचिन्ह यांना स्वतःची दिशाच नाही. ती शेजाऱ्यांकडे बघून वागतात. हिब्रू वाक्य इंग्रजी वळणाच्या चौकटीत चिकटवलं, तर शेवटचं उद्गारचिन्ह चौकटीची दिशा धरतं आणि वाक्याच्या आरंभापाशी जाऊन उभं राहतं! कंसांना तर आरशातलं रूप घ्यावं लागतं, नाहीतर उघडणारा कंस बंद होणारा दिसेल.

मजकुरानंतर प्रोग्रामच्या खिडकीची पाळी. अरबी वापरणाऱ्याला मेन्यू उजवीकडून सुरू झालेला हवा, स्क्रोलबार डावीकडे, 'मागे'चा बाण उजवीकडे तोंड केलेला. मग सगळंच आरशात धरायचं का? नाही. घड्याळाचे काटे अरबस्तानातही त्याच दिशेने फिरतात. गाणं सुरू करण्याचा त्रिकोणही सहसा उलटवत नाहीत. ती फीत पुढे सरकण्याची दिशा आहे, वाचनाची नव्हे. (कॅसेट न पाहिलेली पिढीही तो त्रिकोण निमूट दाबते, ते वेगळं.)

या सवयी संगणकाला कळतात त्या 'लोकेल' नावाच्या सेटिंगवरून. लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेश यांची जोडी. बारा लाखांच्या वरची रक्कम आपल्याकडे १२,३४,५६७ अशी, तर जर्मनीत १.२३४.५६७ अशी लिहितात. ही सेटिंग वेगवेगळी ठेवता येतात: मेन्यू इंग्रजी, तारखा भारतीय. पण खिडकीची दिशा कुणाच्या मागे जाणार? मेन्यूच्या भाषेच्या.

लिनक्सवर प्रोग्रामांच्या खिडक्या आणि बटणं काढून देणाऱ्या जीटीके या लायब्ररीने हे वर्षानुवर्षं फार मजेशीर रीतीने सोडवलं. भाषांतरकारांच्या यादीत 'ओपन', 'सेव्ह' यांच्या रांगेतच 'डिफॉल्ट:एलटीआर' (एलटीआर म्हणजे डावीकडून उजवीकडे) अशी एक ओळ असे. अरबी भाषांतरकाराने तिचं 'डिफॉल्ट:आरटीएल' (उजवीकडून डावीकडे) करायचं की सगळ्या खिडक्या उलटल्या. मराठीवाल्याने ती आहे तशीच रोमन लिपीत ठेवायची. 'डिफॉल्ट' शब्दाचं भाषांतर करू नका, अशी सूचना शेजारीच होती, चुकीच्या इटालियन नमुन्यासकट. तरीही कुणी ते केलंच, तर प्रोग्राम सुरू होताना इशारा छापायचा: ज्या कुणी या ओळीचं भाषांतर केलं, त्याने ते चुकीचं केलं आहे.