सीएनसी आलं म्हणून सुतार संपला? एक खुलासा

‘सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या, मशीनमध्ये डिझाइन टाकायचं, बटण दाबायचं, फर्निचर तयार. सुताराची गरजच संपली.’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं आणि ते खरं नाही.

साधी खाच घ्या. राउटरचं, म्हणजे या यंत्रातल्या लाकूड कोरणाऱ्या अवजाराचं, पातं गोल फिरतं. 6 मिमी व्यासाच्या पात्याने चौकोनी खाच कोरली, तर आतल्या प्रत्येक कोपऱ्यात 3 मिमी त्रिज्येची गोलाई उरतेच. काटकोनी फळी तिथे नीट बसत नाही. मग एकतर पटाशीने कोपरा हाताने साफ करायचा, नाहीतर डिझाइनमध्येच कोपऱ्याला जास्तीचा गोल खोबणा द्यायचा. सांधा कळणाऱ्यालाच हे आधी सुचतं. प्लायचंही तेच: नावाला 18 मिमी, मोजलं की बरेचदा थोडं कमी. खाच नेमकी 18 ची काढली की सांधा डुगडुगलाच! कापण्याआधी प्रत्येक शीटची जाडी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) मोजाच.

यंत्राची खरी ताकद वेगळी आहे. जर्मनीत श्वेबिश ग्म्युंडला 2014 साली स्टुटगार्ट विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने एक प्रदर्शन-दालन उभं राहिलं. बीच प्लायवूडचे 243 फलक, प्रत्येकाचा आकार वेगळा, आणि सुमारे 7,600 फिंगर सांधे (बोटांसारखे एकमेकांत गुंतणारे). सगळे रोबोटने कापलेले. इतकी वेगवेगळी मापं हाताने काढणं जवळजवळ अशक्यच.

आपल्याकडे सागाची फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. प्रोग्रॅमला हे आपणहून कळत नाही. लाकडाची रेषा कुठल्या दिशेला ठेवायची, फटीला किती जागा सोडायची, हे सुतारच सांगतो.