वनस्पतिज तंतुयुक्त काँक्रीट

सिमेंट-वाळू-खडीच्या मिश्रणात अंबाडी, ताग, घायपात किंवा काथ्या यांचा वाख, अथवा उसाचे चिपाड आखूड कापून मिसळलेले काँक्रीट. तंतू आकारमानाच्या ०.५ ते २ टक्के घालतात. जास्त झाल्यास गोळे होतात. दाब सोसण्याची ताकद फारशी वाढत नाही, क्वचित घटतेच. लाभ तडे आवरण्यात असतो. सळईची जागा तंतू घेत नाहीत.

या प्रथेचे मूळ बरेच मागे नेले जाते. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. गिलावा साधारण सहाव्या शतकापासूनचा मानतात. मात्र जुन्या वर्णनांतील ‘ताग’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरतो. संस्कृत ‘शण’ म्हणजे क्रोटॅलॅरिया जुन्सिया (शास्त्रीय नाव). कोल्हापूरकडे हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग हाच. बंगाली ताग (ज्यूट) कॉर्कोरस वंशातला, तर भांग तिसरीच. नावावरून ओळख धरण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. शिवाय माती म्हणजे सिमेंट नव्हे. काड घालून तुडवलेल्या मातीला या काँक्रीटचे पूर्वज म्हणणे थोडे सैल आहे.

फरक रसायनाचा आहे. सिमेंटमधील पाणी तीव्र अल्कधर्मी (पीएच सुमारे १३) असते. त्यात तंतूतील लिग्निन व हेमिसेल्युलोज (तंतूच्या पेशींना बांधून ठेवणारे घटक) झिजतात, पोकळ्यांत चुना साचतो आणि तंतू ठिसूळ होतो. घायपातीबाबत हे संशोधक ग्राम यांनी १९८३ मध्ये स्वीडनमध्ये सविस्तर मांडले. आलटूनपालटून भिजणे-वाळणे सर्वांत घातक. त्यावर उपाय म्हणून सिमेंटचा काही भाग काढून फ्लाय अॅश (औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाची बारीक राख) किंवा भाताच्या तुसाची राख घालतात. ती मोकळा चुना खाते.

चिपाडात आणखी एक अडचण, साखरेची. चुना मळण्याच्या घाणीत गूळ मुद्दाम घालत. सिमेंटमध्ये मात्र वजनाच्या ०.०५ टक्के साखरही ते घट्ट होणे काही तास लांबवते. म्हणून चिपाड आधी गरम पाण्याने धुवावे लागते.

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस मुबलक असला तरी चिपाड गुऱ्हाळाच्या चुलवाणात आणि कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळते. त्यामुळे येथे तंतूपेक्षा बॉयलरची राखच, बारीक दळून, सिमेंटला अंशतः पर्याय म्हणून अधिक जवळची. तंतूंचा वापर भार न पेलणाऱ्या आतल्या भिंती व पत्रे-फरशांपुरता ठीक; गगनबावड्याच्या पावसात उघड्या छताला तो टाळलेला बरा.