विज्ञान शिक्षण कार्यक्रमांचे मूल्यमापन : गोव्याच्या संदर्भात पार्श्वभूमी

विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम राबवणे आणि त्यातून मुलांच्या आकलनात काय फरक पडला हे तपासणे, ही दोन कामे दीर्घकाळ वेगवेगळी चालली. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात गेल्यावर अमेरिकेत विज्ञानाच्या अभ्यासक्रमांवरील सरकारी खर्च वाढला आणि त्याबरोबर फलनिष्पत्तीची विचारणाही वाढली. कार्यक्रम चालू असतानाच सुधारणेसाठी करायचे मूल्यमापन आणि अखेरीस निर्णयासाठी करायचे मूल्यमापन, हा भेद मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला.

भारतात १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील १६ शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम या दृष्टीने फार मोलाचा आहे. मुले प्रयोगातून शिकणार असतील, तर पाठांतराची प्रश्नपत्रिका त्यांचे शिकणे मोजू शकत नाही, हे ओळखून तिथे परीक्षाच बदलण्यात आली : लेखी परीक्षेला पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा आणि जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा. २००२ मध्ये शासनाने तो कार्यक्रम बंद केला. परीक्षेचा तो धडा मात्र आजही तितकाच लागू आहे.

गोव्यात १९७५ मध्ये शालान्त मंडळ स्थापन झाले आणि दहावीचा निकाल हेच यशाचे सर्वमान्य माप ठरले. पुढे २००१ मध्ये मिरामारला विज्ञान केंद्र आले. २००४ च्या डिसेंबरात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची ‘एपिस्टेम’ ही विज्ञान शिक्षणावरील संशोधन परिषदमाला गोव्यातूनच सुरू झाली. २०१७ आणि २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणांत आठवीच्या विज्ञानाचीही चाचणी झाली. परंतु नमुना पद्धतीचे असे सर्वेक्षण राज्याचे सर्वसाधारण चित्र देते. एखाद्या विशिष्ट उपक्रमाचा त्यात वाटा किती, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी उपक्रमापूर्वीची पायाभूत चाचणी हवी आणि तुलनेसाठी उपक्रम न राबवलेल्या तत्सम शाळाही हव्यात.

संनियंत्रणाच्या, म्हणजे उपक्रम चालू असताना ठेवायच्या नोंदींच्या, तक्त्यात बहुधा शाळा, उपस्थिती आणि झालेले प्रयोग मोजले जातात. सोलांच्या (कोकमाच्या) पाण्यात खाण्याचा सोडा घालून रंग बदललेला दाखवला, की ‘प्रयोग पूर्ण’ अशी नोंद होते. माझ्या मते खरी नोंद त्यानंतरची आहे : लिंबाचा रस घातल्यास काय होईल, याचा अंदाज मुलीने आधी कारणासह सांगितला का, आणि अंदाज चुकल्यावर तिने स्वतःहून पुन्हा करून पाहिले का.