टीपीचं लाकूड आणि एफएससीचं लाकूड

जळगावातल्या एका शाळेच्या अंगणात लाकडी डेक करायचा होता. इमारतीला लीडचं, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींना मिळणारं, मानांकन हवं होतं, म्हणून वखारीत जाऊन विचारलं, ‘एफएससीचा माल आहे का?’ म्हणजे जंगल नीट सांभाळून तोडल्याचं प्रमाणपत्र असलेलं लाकूड. वखारवाल्यानं ड्रॉवरमधून एक कागद काढून समोर ठेवला. वन विभागाचा वाहतूक परवाना, म्हणजे ट्रान्झिट परमिट, टीपी, होता. साग, नग किती, घनमीटर किती, गाडी नंबर, कुठून कुठे, मुदत, खाली शिक्का. सोबतचे मिस्त्री म्हणाले, ‘टीपी शे ना भाऊ, मंग आखो काय जोयजे?’

मिस्त्रींना दोष कसा देणार? खान्देशात लाकडाचा कागद म्हटला की टीपीच. यावल-रावेरकडे असो की अक्कलकुवा-धडगावकडे, स्वतःच्या बांधावरचा साग तोडायचा तरी अर्ज करा, पाहणी होऊ द्या, हातोड्याचा छाप घ्या आणि मग टीपी. नाक्यावर रात्री अडवलेला ट्रक ज्यानं पाहिलाय, त्याला या कागदाचं वजन सांगावं लागत नाही.

पण टीपी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: हा माल चोरीचा आहे का? तिचं मूळ १९२७ च्या भारतीय वन कायद्यात आहे. त्यातलं कलम ४१ सरकारला लाकडाच्या वाहतुकीचे नियम करायचा अधिकार देतं. परवाना गाडीतल्या मालाचा असतो, ठरलेल्या मुदतीचा असतो. माल पोचला की त्याचं काम संपलं. जिथून झाड तोडलं तिथे पुढे काय उगवलं, ओढा गाळानं भरला का, हे तो विचारत नाही. परदेशी लाकडाचंही तेच. बंदरावरची बिल ऑफ एंट्री सांगते की माल कस्टममधून रीतसर सुटला. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट सांगतं की त्यात कीड नाही. दोन्ही कागद लागतात, पण जंगलाबद्दल दोन्ही गप्प.

एफएससीचा प्रश्न वेगळा आहे. फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल ही आंतरराष्ट्रीय संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. सरकारशी तिचा संबंध नाही आणि तिचं प्रमाणपत्र घेण्याची सक्तीही कुणावर नाही. तिची दहा तत्त्वं आहेत. जंगल वाढतं त्या बेतानं तोड, कामगारांचे हक्क, पाणी-माती, आणि त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींची संमती, हे सगळं त्यात येतं. २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे घेऊन सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा माणसांनी घातलेले हेलपाटे पाहिलेल्यांना ही शेवटची गोष्ट किती मोठी आहे ते कळेल. प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं आणि दरवर्षी बाहेरचे तपासनीस येऊन पाहणी करतात.

या घोळात आपल्या भाषेचाही वाटा आहे. ‘सस्टेनेबल’ला आपण सहज ‘टिकाऊ’ म्हणतो. वखारवाला ऐकतो ‘टिकाऊ’ आणि प्रामाणिकपणे सगळ्यात जड, वाळवीला दाद न देणारी फळी काढून दाखवतो. त्याचं लाकूड टिकणार असतं, आपण जंगलाबद्दल विचारत असतो.

खरी फसगत मात्र पुढे होते, एफएससीचा कागद हातात आल्यावर. दुसऱ्या एका पुरवठादारानं मला रंगीत प्रमाणपत्राची फोटोकॉपी दिली, झाडाचं चिन्ह वगैरे सगळं. त्यावरचा क्रमांक सर्च डॉट एफएससी डॉट ऑर्ग या साइटवर टाकला. प्रमाणपत्र खरं होतं, पण निघालं भलत्याच कंपनीच्या नावावर, आणि तेही प्लायवूडसाठी. आमच्या डेकच्या फळीचा त्यात पत्ता नव्हता. त्या साइटवर प्रमाणपत्र चालू आहे की निलंबित, कोणत्या मालासाठी आणि कोणत्या जातीच्या लाकडासाठी आहे, हे फुकट दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, तरी फारसं कुणी करत नाही.

भिंतीवरचं प्रमाणपत्र दुकानाचं असतं. तुमच्या फळ्यांचा पुरावा बिलात असतो. जंगलापासून दुकानापर्यंत ज्याच्या-ज्याच्या मालकीत लाकूड गेलं, त्या प्रत्येकाकडे साखळीचं प्रमाणपत्र हवं. तुम्हाला विकणाऱ्याच्या बिलावर त्याचा साखळी क्रमांक आणि त्या मालापुढे ‘एफएससी १००%’ किंवा ‘एफएससी मिक्स’ असा दावा छापलेला हवा. मधल्या एका बिनप्रमाणित व्यापाऱ्यानं माल घेऊन पुढे विकला की साखळी तुटली, मग लाकूड कितीही चांगल्या जंगलातलं असो. लीडच्या फायलीत हीच बिलं मागतात. मिक्स म्हणजे सगळंच लाकूड प्रमाणित जंगलातलं असेल असं नाही. अख्ख्या फळीच्या डेकला १००% मागायला काही हरकत नाही.

ब्राझीलकडचं इपे किंवा कुमारू घ्यायचं मनात असेल, तर आणखी एक कागद वाढला आहे. २५ नोव्हेंबर २०२४ पासून ही लाकडं साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आहेत, म्हणजे निर्यातदार देशाचा साइट्स परवाना लागतो. तोही एफएससीची जागा घेत नाही. शिवाय इपे गडद आणि घट्ट असतं. भुसावळच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, त्यावर अनवाणी पोरं चालणार आहेत का, एवढं आधी ठरवा.

उलट एफएससीवर नको तेवढा विश्वासही टाकू नका. लागवडीचा कोवळा साग प्रमाणित असू शकतो आणि तरी त्याच्या कडेला पांढरं कच्चं लाकूड असतं. वाळवी प्रमाणपत्र वाचत नाही. किनाऱ्यावरच्या दमट गोदामातून थेट आलेली फळी आपल्या कोरड्या हवेत आकसते, वाकते, फटी पडतात. ओलावा मोजायचं यंत्र घेऊनच माल उतरवा. पक्कं लाकूड आणि ओलावा, या दोन्ही गोष्टी यातल्या कुठल्याच कागदावर नसतात.

आता माझं मत. मानांकनाचा दबाव नसेल, तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरचा, टीपीचा, पोक्त साग मला समुद्रापारच्या प्रमाणित फळीपेक्षा वाईट वाटत नाही. झाड कुणी लावलं, कुणी तोडलं, पुन्हा लावलं का, हे मी स्वतः जाऊन पाहू शकतो. फक्त त्याला एफएससी म्हणायचं नाही आणि लीडच्या फायलीत दाखवायचं नाही. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं डिसेंबर २०२३ मध्ये आपली स्वतःची वन आणि लाकूड प्रमाणन योजना आणली आहे. बांधावरच्या सागालाही त्यातून कधीतरी कागद मिळेल, अशी माझी आशा आहे.

शाळेत शेवटी दोन प्रकारचं लाकूड लागलं. अंगणातल्या डेकला एफएससी १००% चा साग, बिल फायलीत. ओसरीच्या बाकांना पारोळ्याकडच्या पाडलेल्या धाब्याच्या घरातल्या जुन्या तुळया चिरून घेतल्या. मिस्त्री खूश होते, पण जुन्या खिळ्यांवर आरा दोनदा मोडला आणि त्याचे पैसे त्यांनी वेगळे लावले.